समुद्रप्रदूषणाची लोकनोंद : प्रस्तावना

समुद्र किती मलिन झाला आहे, हा प्रश्न विचारायला सोपा असला तरी त्याचे आकड्यांतले उत्तर मिळवणे फार अवघड आहे. नदीच्या काठावर ठरावीक अंतराने तपासणीची केंद्रे उभारता येतात आणि शहराच्या हवेसाठी चौकाचौकांत यंत्रे बसवता येतात. परंतु पृथ्वीचा सत्तर टक्क्यांहून अधिक पृष्ठभाग व्यापणाऱ्या आणि वारा, प्रवाह व भरती-ओहोटी यांमुळे कधीच स्थिर नसणाऱ्या जलराशीला असा पहारा पुरत नाही. संशोधन-नौका ज्या दिवशी ज्या जागी जाते, त्या दिवसाची आणि त्या जागेची स्थिती ती अचूक सांगते. मात्र ती पुन्हा तेथे पोहोचेपर्यंत ऋतू पालटलेला असतो आणि मधल्या काळात काय वाहून आले व काय वाहून गेले, याची नोंद कोणापाशीच नसते. किनाऱ्यावर मात्र माणसे बारमाही असतात. मासे उतरवणारे कोळी, पहाटे पुळणीवर चालणारे रहिवासी, सहलीला आलेले विद्यार्थी या सर्वांच्या पायांशी समुद्र रोज काही ना काही आणून टाकतो. या रोजच्या वावरातून शास्त्राला चालेल असे मोजमाप कसे मिळवायचे, हा लोकनोंदीचा मूळ प्रश्न आहे.

लोकनोंद ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने वापरली आहे. व्यवसायाने शास्त्रज्ञ नसलेल्या व्यक्तींनी, आधी ठरवून दिलेल्या पद्धतीने, स्थळ व काळ नमूद करून जमवलेली आणि पुढे तुलनेसाठी वापरता येईल अशी माहिती म्हणजे लोकनोंद. या व्याख्येनुसार किनारा-सफाई आणि लोकनोंद या दोन वेगळ्या क्रिया ठरतात, जरी त्या अनेकदा एकाच सकाळी आणि त्याच माणसांकडून होत असल्या तरी. सफाईत किती पोती कचरा उचलला गेला, याला महत्त्व असते. नोंदीत तो कचरा कशाचा होता, किती लांबीच्या पट्ट्यातला होता, किती जणांनी किती वेळ शोधला आणि मागील खेपेला तोच पट्टा कसा होता, हे विचारले जाते. पोत्यांच्या वजनावरून श्रमांचा अंदाज येतो, पण ओल्या वाळूने भरलेली जाळी आणि हलक्या पिशव्या एकाच काट्यावर चढल्या की त्या आकड्यातून प्रदूषणाच्या उगमाविषयी काही निष्पन्न होत नाही.

या पद्धतीवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की अप्रशिक्षित हातांनी जमवलेली माहिती भरवशाची नसते. आणि तिचे नेहमीचे समर्थन असे की हजारो हात लागले म्हणजे चुका आपोआप भरून निघतात. हे दोन्ही विचार अपुरे आहेत. हजार जणांनी हजार प्रकारच्या चुका केल्या तर त्या परस्परांना छेदतील, हे खरे. परंतु हजार जणांनी एकच चूक केली, उदाहरणार्थ सर्वांनी फक्त मोठ्या आणि रंगीत वस्तूच मोजल्या, तर ती चूक भरून न निघता अधिक पक्की होते. लोकनोंदीचा भरवसा म्हणूनच नोंदणाऱ्याच्या शिक्षणावर किंवा संख्येवर फारसा अवलंबून नसतो, तर कामाच्या वाटणीवर असतो : कोणते काम कोणालाही बिनचूक करता येईल, कोणते प्रयोगशाळेकडेच राहिले पाहिजे आणि या दोहोंच्या मध्ये पडताळणी कोठे बसवायची, हे ज्या उपक्रमाने आधी ठरवले, त्याची माहिती टिकली. पुढील उदाहरणांचा विचार याच दृष्टीने केला आहे.

आधुनिक लोकनोंदीचा एक आरंभ अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या किनाऱ्यावर सापडतो. १९८६ मध्ये तेथे लिंडा मॅरेनिस आणि कॅथी ओ'हारा यांच्या पुढाकाराने झालेल्या सफाईत सुमारे २,८०० स्वयंसेवकांनी दोन तासांत १२४ टन कचरा उचलला. परंतु त्या दिवसाचे महत्त्व टनांपेक्षा स्वयंसेवकांच्या हाती दिलेल्या नोंदपत्रकात अधिक होते, कारण सापडलेली प्रत्येक वस्तू तिच्या प्रकाराप्रमाणे त्यावर टिपायची होती. वस्तूंच्या प्रकारांवरून त्यांचा उगम ओळखता येतो. सहलीला आलेल्यांनी टाकलेले वेष्टन आणि जहाजावरून फेकलेले सामान यांत फरक करता येतो. जहाजांवरून समुद्रात प्लास्टिक टाकण्यास मनाई करणारे ‘मार्पोल’ या आंतरराष्ट्रीय कराराचे पाचवे परिशिष्ट अमेरिकेने मान्य करावे, या युक्तिवादात अशा नोंदींचा आधार घेतला गेला, आणि ३१ डिसेंबर १९८८ पासून ते परिशिष्ट अमलात आले. टेक्सासमधला उपक्रम १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय झाला आणि आज सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर होणाऱ्या किनारा-सफाईच्या मुळाशी तेच पत्रक आहे.

त्याच सुमारास एका अपघाताने लोकनोंदीचा दुसरा प्रकार पुढे आणला. मे १९९० मध्ये उत्तर पॅसिफिकमधील वादळात ‘हांसा कॅरिअर’ या मालवाहू जहाजावरून काही कंटेनर समुद्रात पडले आणि त्यांतील नायके कंपनीचे ६०,००० हून अधिक बूट लाटांवर तरंगू लागले. जानेवारी १९९२ मध्ये दुसऱ्या एका जहाजावरून २८,८०० तरंगती खेळणी, म्हणजे पिवळी बदके, हिरवे बेडूक, निळी कासवे आणि तांबडे बीव्हर, अशीच सांडली. समुद्रशास्त्रज्ञ कर्टिस एबस्मायर यांनी किनाऱ्यावर वस्तू वेचण्याचा छंद असलेल्या लोकांशी संपर्क ठेवून या वस्तू कोठे व केव्हा सापडल्या, याच्या नोंदी मिळवल्या आणि त्यांचे सहकारी जेम्स इंग्रॅहम यांनी त्या संगणकावरील प्रवाह-प्रतिमानाशी, म्हणजे वारा व पाण्याच्या गतीवरून तरंगत्या वस्तूचा मार्ग काढणाऱ्या गणिताशी, ताडून पाहिल्या. खेळण्यांपैकी पहिली काही नोव्हेंबर १९९२ मध्ये अलास्कातील सिटका गावाजवळ, सांडल्या जागेपासून सुमारे ३,२०० किलोमीटरवर, सापडली. येथे वेचणाऱ्याकडून अपेक्षा अगदी थोडी होती : वस्तू, जागा आणि तारीख. सांडण्याचे ठिकाण व दिवस आधीच माहीत असल्याने प्रत्येक सापडलेला बूट किंवा बदक प्रवाहाच्या एका प्रयोगाचा निकाल ठरला.

कामाच्या वाटणीचा सर्वांत विचारपूर्वक आखलेला नमुना मात्र जपानमध्ये आढळतो. टोकियो कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठातील हिदेशिगे ताकादा यांनी २००५ मध्ये ‘इंटरनॅशनल पेलेट वॉच’ हा उपक्रम सुरू केला. पेलेट म्हणजे प्लास्टिकच्या वस्तू तयार करणाऱ्या कारखान्यांना पुरवला जाणारा काही मिलिमीटर आकाराचा कच्चा दाणा. आपल्याकडील व्यापारातही त्याला ‘दाणा’ असेच म्हणतात. वाहतुकीत आणि कारखान्यांच्या आवारात सांडलेला हा दाणा गटारे व नद्यांतून समुद्रात पोहोचतो आणि भरतीने टाकलेल्या कचऱ्याच्या ओळीत कोणत्याही देशाच्या पुळणीवर सापडू शकतो. त्याचा एक गुण शास्त्राला उपयोगी पडला. पीसीबी हे एकेकाळी ट्रान्सफॉर्मर व कपॅसिटर यांत वापरले जाणारे रसायन, डीडीटी आणि एचसीएच यांसारखी कीटकनाशके ही पाण्यात जवळपास न विरघळणारी, तेलकट पदार्थात मुरणारी आणि दीर्घकाळ न विघटणारी द्रव्ये आहेत; समुद्रात ती इतकी विरळ असतात की पाण्याचा नमुना घेऊन ती मोजणे खर्चिक ठरते. तेलापासून बनलेला प्लास्टिकचा दाणा मात्र ती स्वतःत ओढून घेतो, आणि ताकादा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार भोवतीच्या पाण्याच्या तुलनेत दाण्यातील त्यांचे प्रमाण एक लाख ते दहा लाख पटींपर्यंत वाढते. प्रदूषणाचा एक प्रकार असलेला दाणा अशा रीतीने दुसऱ्या, अदृश्य प्रदूषणाचे मोजमाप बनतो.

या गुणातून उपक्रमाची रचना निघाली. समुद्रातील अशा द्रव्यांवर लक्ष ठेवण्यासाठी पूर्वीपासून ‘मसल वॉच’ ही पद्धत होती, जिची कल्पना एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये मांडली होती. पाणी गाळून अन्न मिळवणाऱ्या आणि जागचे न हलणाऱ्या शिनाण्यांसारख्या शिंपल्यांच्या मांसात साठलेली द्रव्ये तीत मोजली जातात. परंतु शिंपले सर्वत्र मिळत नाहीत, त्यांची जात ओळखावी लागते आणि मांस नासू नये म्हणून ते गोठवूनच पाठवावे लागते. दाणा नासत नाही, तो ओळखायला प्राणिशास्त्र लागत नाही आणि तो नेहमीच्या तापमानात साध्या टपालाने पाठवता येतो. म्हणून जगातील कोणाही व्यक्तीने आपल्या पुळणीवरून शंभर-दोनशे दाणे वेचावेत, ते ॲल्युमिनियमच्या वर्खात गुंडाळावेत आणि स्थळ-तारीख लिहून टोकियोला धाडावेत, एवढीच अपेक्षा ठेवण्यात आली. दाणा पॉलिएथिलीनचा आहे की पॉलिप्रॉपिलीनचा, हे उपकरणाने ठरवणे आणि जास्त काळ समुद्रात राहिल्याने पिवळसर पडलेले दाणे निवडून त्यांचे पृथक्करण करणे, ही सारी अवघड कामे प्रयोगशाळेने स्वतःकडे ठेवली. एखादा दाणा दूरच्या मलिन बंदरातून वाहत आलेला असू शकतो आणि त्या एकट्यामुळे स्वच्छ किनाऱ्याचा आकडा फुगू शकतो, म्हणून प्रत्येक ठिकाणच्या दाण्यांचे पाच गट करून वेगवेगळे तपासायचे आणि त्यांतील मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मध्ये येणारे मूल्य, त्या किनाऱ्याचे धरायचे, असे ठरले. वेचणाऱ्याच्या हातून होऊ शकणारी बहुतेक प्रत्येक चूक या आराखड्याने आधीच निष्प्रभ करून ठेवली आहे.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निष्कर्षांत १७ देशांतील ३० किनाऱ्यांचे दाणे होते. पीसीबीचे प्रमाण अमेरिकेच्या किनाऱ्यांवर सर्वाधिक, त्याखालोखाल पश्चिम युरोप व जपान येथे, आणि उष्ण कटिबंधातील आशिया, आफ्रिका खंडाचा दक्षिण भाग व ऑस्ट्रेलिया येथे कमी आढळले; म्हणजे जेथे औद्योगिकीकरण आधी झाले आणि हे रसायन अधिक वापरले गेले, तेथे ते बंदीनंतर कित्येक दशकांनीही समुद्रात शिल्लक होते. हे आकडे शिंपल्यांवरून काढलेल्या आकड्यांशी जुळले, आणि टपालाने आलेल्या दाण्यांवर विश्वास का ठेवावा, या प्रश्नाला हे उत्तर पुरेसे होते. डीडीटीच्या बाबतीत निष्कर्ष आणखी बारकाईचा निघाला. अमेरिकेचा पश्चिम किनारा आणि व्हिएतनाम या दोन्ही ठिकाणी त्याचे प्रमाण जास्त होते. पण व्हिएतनाममधील दाण्यांत मूळ डीडीटी त्याच्या विघटनातून होणाऱ्या डीडीई व डीडीडी या द्रव्यांपेक्षा अधिक होते. जुना साठा कालांतराने विघटित रूपात दिसायला हवा. मूळ रूप अधिक असणे हे त्या वेळीही, बहुधा हिवतापाच्या नियंत्रणासाठी, वापर चालू असल्याचे लक्षण मानले गेले. पुढे दूरवरच्या बेटांवरील दाण्यांत पीसीबी एका ग्रॅममागे ०.१ ते ९.९ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) एवढेच आढळले, आणि जवळपास प्रदूषणाचा स्थानिक उगम नसतानाही समुद्रात किमान किती भार असतो, याची तळरेषा त्यावरून मिळाली.

वेचण्याऐवजी मोजण्याचेच काम लोकांकडे दिले, तर पडताळणी वेगळ्या रीतीने करावी लागते. चिली देशातील एका उपक्रमात ३९ शाळांच्या सुमारे १,००० विद्यार्थ्यांनी देशभरच्या पुळणींवरील लहान प्लास्टिक-तुकड्यांची गणना केली आणि त्यांनी पाठवलेले सर्व नमुने प्रयोगशाळेत पुन्हा मोजण्यात आले. विद्यार्थ्यांची गणना भरवशाची असल्याचे या फेरमोजणीने दाखवले. मुख्य भूमीवर एका चौरस मीटरमागे सरासरी २७ तुकडे आढळले, तर हजारो किलोमीटर दूरच्या ईस्टर बेटावर ८०० हून अधिक. मुख्य भूमीवरचा कचरा किनाऱ्यालगतच्या शहरांशी जोडता येत होता, तर बेटावर तो दक्षिण पॅसिफिकमधील चक्राकार प्रवाहाने आणून टाकला होता. उत्तर समुद्राभोवतीच्या देशांत मात्र दाण्यांच्या उपक्रमासारखीच वाटणी पक्ष्यांच्या बाबतीत दिसते. फुलमार हा मुख्यतः समुद्राच्या पृष्ठभागावर चरणारा पक्षी गिळलेले प्लास्टिक पोटात साठवतो; मरून किनाऱ्याला लागलेले फुलमार स्वयंसेवक गोळा करतात आणि शास्त्रज्ञ त्यांची जठरे उघडून प्लास्टिक तोलतात. पोटात ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त प्लास्टिक असलेल्या पक्ष्यांचे प्रमाण १० टक्क्यांपेक्षा कमी असावे, हे तेथील समुद्राच्या आरोग्याचे उद्दिष्ट म्हणून स्वीकारले गेले आहे.

किनाऱ्यावरील गणनेतून कायदा घडल्याचे ठळक उदाहरण युरोपीय संघाचे आहे. एकदाच वापरून टाकायच्या प्लास्टिकविषयीच्या २०१९ च्या निर्देशात पुळणींवरील मोजणीच्या आधारे असे नमूद आहे की समुद्री कचऱ्यापैकी ८० ते ८५ टक्के प्लास्टिक असते, आणि एकूण कचऱ्यापैकी ५० टक्के वस्तू एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या, तर २७ टक्के मासेमारीशी संबंधित असतात. कोणत्या वस्तूंवर बंदी घालायची, हे ठरवताना ज्या वस्तू किनाऱ्यावर वारंवार मोजल्या गेल्या, त्यांच्याकडे प्रथम लक्ष गेले. येथेच लोकनोंदीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा एकत्र दिसतात, कारण किनाऱ्यावरील मोजणी तरंगणाऱ्या आणि डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंचीच असते. तळाशी बुडालेले, वाळूत गाडले गेलेले किंवा पाण्यात विरघळलेले प्रदूषण तिच्या कक्षेबाहेर राहते.

अन्य मर्यादाही स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. एखाद्या दिवशी पुळणीवर पडलेला कचरा हा साठा असतो, रोज येऊन पडणारा कचरा ही आवक असते, आणि आवक जाणून घ्यायची असेल तर तोच पट्टा ठरावीक अंतराने रिकामा करून पुन्हा मोजावा लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीनंतर आणि अष्टमीच्या सुमाराच्या भांगाच्या भरतीनंतर एकच किनारा वेगवेगळा दिसतो, म्हणून तारखेबरोबर भरतीची स्थिती लिहिली नसेल तर दोन नोंदींची तुलना फसवी ठरते. स्वयंसेवक जेथे रस्ता जातो तेथे आणि सुटीच्या दिवशी जातात. खडकाळ, चिखलाचे व खारफुटीचे किनारे त्यामुळे नकाशावर कोरे राहतात, आणि ते कोरेपण स्वच्छतेचे समजले जाण्याचा धोका असतो. शोधूनही काही सापडले नाही, ही नोंद सापडल्याच्या नोंदीइतकीच मोलाची असते, पण ती पाठवण्याचा उत्साह क्वचितच कोणाला असतो. या उणिवा लोकांच्या नसून आराखड्याच्या आहेत, आणि म्हणून त्या दुरुस्त करता येण्याजोग्या आहेत.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर या विषयाला तातडी आली आहे. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे जहाज पेटल्यावर दीड हजार टनांहून अधिक प्लास्टिक दाणा समुद्रात गेला, आणि मे २०२५ मध्ये कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडाल्यावर केरळच्या पुळणींवर तसाच दाणा पसरला. गोव्याच्या किनाऱ्यावरील दाण्यांचा ऋतूनुसार झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला असून नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात बाहेरचा दाणा किनाऱ्याकडे ढकलला जातो, हे त्यातून दिसले आहे. अपघाताच्या आधी पुळणीवर किती दाणा होता, हे माहीत असल्याशिवाय अपघाताने किती भर घातली, हे सांगता येत नाही आणि नुकसानभरपाईचा दावाही लंगडा पडतो. २०२२ मध्ये ५ जुलै ते १७ सप्टेंबर असे ७५ दिवस चाललेल्या ‘स्वच्छ सागर, सुरक्षित सागर’ या केंद्र सरकारच्या मोहिमेने किनाऱ्यावर माणसे मोठ्या संख्येने येऊ शकतात, हे सिद्ध केले; आधारभूत मोजणीसाठी मात्र मोठ्या संख्येपेक्षा तीच माणसे त्याच जागी वर्षानुवर्षे परत येणे अधिक गरजेचे असते.

अशी माणसे कोकणात आहेत. वेळाससारख्या गावांतील कासवमित्र विणीच्या हंगामात रोज पहाटे ठरलेल्या पुळणीवरून चालत जाऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी आणि त्यांतील अंडी मोजत आले आहेत. ठरलेला पट्टा, ठरलेली वेळ आणि काही न सापडल्याच्या दिवसाचीही आठवण, या लोकनोंदीच्या तिन्ही अटी त्यांच्या कामात आधीच पुऱ्या होतात. मुंबई परिसरातील कोळ्यांची डोल ही जाळ्याची पद्धतही या दृष्टीने विचारात घेण्यासारखी आहे. डोल एका जागी रोवलेली असते, भरती-ओहोटीच्या ओढीने ती भरते आणि ठरावीक वेळी उचलली जाते; जाळ्याचे तोंड, पाण्यात राहिलेला वेळ व जागा ठाऊक असल्याने मासळी निवडताना बाजूला काढले जाणारे प्लास्टिक हा खरे तर तयार नमुनाच असतो. तो आज नोंद न होता फेकला जातो. तो तोलून लिहून ठेवण्याचे काम कोळ्यांनी करावे, अशी अपेक्षा करताना त्यांचा वेळ आणि निकालावरचा त्यांचा हक्क या दोन्ही गोष्टी आराखड्यात धरल्या पाहिजेत.

निकालावरील हा हक्क शिष्टाचारापुरता नाही. टोकियोच्या प्रयोगशाळेने दाणे पाठवणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या किनाऱ्याचा निकाल कळवण्याची रीत ठेवली, आणि दाणे कोणत्याही मोबदल्याशिवाय येत राहिले. ज्याला आपल्या पुळणीचा आकडा कळतो, तो पुढच्या खेपेला जागा व तारीख अधिक काटेकोर लिहितो, आणि सलग नोंदीसाठी लागणारे सातत्य त्यातून मिळते. दाणे वेचणाऱ्यापासून प्रयोगशाळेपर्यंत आणि प्रयोगशाळेपासून पुन्हा त्याच पुळणीपर्यंत माहिती फिरत राहावी, अशी व्यवस्था ज्या उपक्रमात असेल, त्याचीच नोंद पुढच्या अपघाताच्या वेळी तुलनेसाठी हाताशी राहील.